हात म्हणजे फक्त दोरी

या मालिकेतला हा भाग ज्यांनी व्हिडिओत पाहिला आहे त्यांना आठवत असेल, मी पूर्ण वेळ हातात झाडूचा दांडा घेऊन बसले होते. पुस्तकात तो दांडा दिसणार नाही. म्हणून जिथे जिथे मी तो फिरवून दाखवला होता, तिथे आता शब्दांत सांगते. तुम्ही मात्र वाचताना एखादी काठी जवळ ठेवा. लाटणं घेऊ नका, आखूड पडतं.

विषय आहे कयाक वल्हवण्याचा. कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. तिच्यात पाय पुढे पसरून बसायचं, तोंड होडी जाते त्याच दिशेला, आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. डावीकडे एक ओढ, उजवीकडे एक ओढ. मूळ आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची ही शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली. आज ती प्लास्टिकची किंवा फायबरची असते आणि तारकर्लीपासून गोव्यापर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर तासावर भाड्यानं मिळते. भाड्यानं घेऊन अर्धा तास मजा करणं अवघड नाही. मीही तशीच सुरुवात केली आणि पुढची चार वर्षं तेवढंच येत असताना मला कयाकिंग येतं असं समजत राहिले.

ही समजूत उतरली मालवणच्या बाजूला, एका डिसेंबरच्या सकाळी. थंडीत आपल्या किनाऱ्यावर पहाटेपासून मतलई वारे वाहतात, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी ते फिरतात आणि खारे वारे सुरू होतात. हे आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलात पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं. पण सकाळी साडेसात वाजता पाणी आरशासारखं दिसत होतं, होडी भराभर पुढे जात होती, आणि ती माझ्या कौशल्यानं जातेय असं मला वाटत होतं. ती वाऱ्यानं जात होती. परत वळले तेव्हा तोच वारा समोरून आला. पाऊण तास वल्हवलं. किनाऱ्यावरचं नारळाचं झाड तेवढंच लांब राहिलं. उजवा खांदा आधी दुखला, मग बधिर झाला, आणि नंतर हात वर उचलेचना. लाइफ जॅकेट होतं, म्हणून बुडण्याची भीती नव्हती, पण होडी हळूहळू बाहेर सरकत होती.

जाळी काढून परतणाऱ्या एका मच्छीमारानं दोर टाकला. वयानं वडिलांएवढा माणूस. मला ओढून आणताना त्यानं एकच प्रश्न विचारला, "बाय, वल्हयतंस काय पाण्याक मारतंस?"

डॉक्टरांनी खांद्याच्या स्नायूबंधाला सूज आहे असं सांगितलं आणि सहा आठवडे बंदी घातली. घरात, ऑफिसात सगळ्यांचं निदान मात्र एकच होतं, बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो. मलाही ते पटलं होतं. जिम लावून दंड कमवायचे, असं मी ठरवून टाकलं होतं.

आता बेळ्ळंदूरबद्दल दोन शब्द, कारण पुढचा धडा तिथे झाला. बेंगळुरूच्या आग्नेयेला, आउटर रिंग रोडवर, कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमध्ये मी राहते. आमच्या गच्चीवरून बेळ्ळंदूरचा तलाव दिसतो, शहरातल्या सर्वांत मोठ्या तलावांपैकी एक. इतकं पाणी समोर आणि त्यात होडी घालण्याचा विचारही करता येत नाही. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्यात उतरत राहिलं. २०१५ मध्ये त्यावरच्या फेसाला आग लागली, २०१७ आणि २०१८ मध्ये पुन्हा आगी लागल्या, आणि जळणारा तलाव म्हणून त्याचे फोटो जगभर गेले. पुढे हरित लवादानं कान उपटल्यावर गाळ काढण्याची कामं सुरू झाली. तर सांगायचं म्हणजे, कयाकिंगचा माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा तास या तलावाच्या साक्षीनं, पण पाचव्या मजल्यावरच्या कोरड्या गच्चीवर झाला.

शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले, बेळगावकडचे. राष्ट्रीय स्पर्धांत अनेक वर्षं के-वन, म्हणजे एकट्यानं वल्हवायची शर्यतीची कयाक, चालवलेले. नाव सांगायचं नाही अशी त्यांची अट आहे, म्हणून मी त्यांना साहेबच म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाण्यावर नेलंच नाही. प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, पाय कठड्याला टेकवायला लावले, हातात झाडूचा दांडा दिला आणि म्हणाले, वल्हवा. दोन मिनिटं बघितलं. मोबाइलवर बाजूनं आणि समोरून चित्रीकरण केलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळं हातानंच वढालाय की ओ. हात काय बैल हाईत? हात म्हंजे दोरी. वढणारा येगळा असतो."

माझ्या मते या संपूर्ण विषयाचं मर्म या वाक्यात आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

नवशिक्या माणसाला वाटतं की वल्हं पाण्यात घालायचं आणि पाणी मागे ढकलायचं. म्हणून तो कोपर वाकवून वल्हं छातीकडे खेचतो. हे काम दंडाचे छोटे स्नायू करतात आणि ते लवकर थकतात. आता उलटा विचार करा. पाण्यात पुढे एक खुंटा ठोकलेला आहे, तुम्ही त्याला धरलंय आणि स्वतःला, म्हणजे होडीला, त्याच्याकडे ओढून घेताय. वल्ह्याचं पातं हा तो खुंटा. पाणी काही जमीन नव्हे, पातं थोडं मागे सरकतंच. पण ते जितकं कमी सरकेल तितकी तुमची ताकद होडीला मिळते. आणि हा खुंटा ओढायचा कशानं? पाय, नितंब, पोट, पाठ. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू तिथे आहेत. हात फक्त त्या स्नायूंना खुंट्याशी जोडतात.

रोइंगमध्ये हे लगेच कळतं. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला गेले तो खेळ रोइंगचा. त्यात पाठ पुढे करून बसतात आणि बसायची पाटी रुळावर पुढेमागे सरकते. पाय दुमडतात, सरळ होतात, बघणाऱ्याला दिसतं की जोर पायांचा आहे. कयाकमध्ये बैठक पक्की असते आणि पाय होडीच्या पोटात झाकलेले असतात. काठावरून बघणाऱ्याला दिसतात ते फक्त हलणारे हात. म्हणून आपण बघून बघून चुकीचं शिकतो. मी यूट्यूबवर जगज्जेत्यांचे व्हिडिओ कितीदा पाहिले असतील! न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनचे तर पाठ होते. २०१२ ते २०२४ या चार ऑलिम्पिकमध्ये मिळून आठ सुवर्णपदकं मिळवलेली ही बाई. मला तिचे हात दिसत होते. तिचे गुडघे लयीत खालीवर होतात, हे साहेबांनी दाखवल्यावर दिसलं.

आता काठी घ्या. खुर्चीच्या कडेवर बसा, पाठ टेकू नका, कंबर किंचित पुढे. पायांचे तळवे समोरच्या भिंतीला किंवा जड टेबलाच्या पायाला टेकवा, गुडघे थोडे वाकलेले. काठी डोक्यावर आडवी धरा, कोपरं काटकोनात. ते झालं तुमच्या दोन हातांमधलं अंतर. काठी छातीसमोर आणा. आता उजवीकडची ओढ. आधी कमरेपासून वर पूर्ण डावीकडे वळा, इतकं की उजवा खांदा पुढे यावा. काठीचं उजवं टोक पायाच्या बोटांपाशी खाली न्या. हात जवळजवळ सरळ. आणि आता हाताला विसरा. उजवा तळवा भिंतीवर दाबा. उजवा नितंब मागे सरकेल, त्याच्यामागे धड उजवीकडे फिरेल आणि काठी आपोआप मागे येईल. ती कमरेपाशी आली की ओढ संपली. त्याच वेळी डावा खांदा पुढे आलेला असेल, म्हणजे डावी ओढ तयार. उजवी ओढ उजव्या पायानं, डावी डाव्या पायानं.

घरी ताक घुसळताना रवीला दोरी गुंडाळून दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढतात, ते बघितलंय? रवी जागेवरच असते, पण आधी एका बाजूला गरकन फिरते, मग दुसऱ्या. आपला कणा म्हणजे ती रवी. पुढेमागे डुलायचं नाही, जागेवर फिरायचं. हे रूपक माझं. साहेबांना ते फारसं आवडलं नाही, कारण रवीला दोरी फिरवते आणि इथे रवीनं दोरी ओढायची असते. बरोबर आहे त्यांचं. पण मला तेच आठवतं आणि धड फिरतं.

पाय आणि धड यांचा वाटा खरंच किती, अशी शंका मला होतीच. उत्तर दिव्यांग खेळाडूंच्या शर्यतींत मिळालं. पॅरा-कयाकिंगमध्ये तीन गट असतात. केएल-१ मधल्या खेळाडूंना पाय वापरता येत नाहीत आणि धडही जवळजवळ नाही. सगळं हात आणि खांद्यांवर. केएल-२ मध्ये धड आणि पायांचा काही वापर होतो, केएल-३ मध्ये त्याहून जास्त. टोकियोत पुरुषांच्या २०० मीटर शर्यतीत केएल-१ चा विजेता सुमारे ४५ सेकंदांत आला, केएल-२ चा ४१ मध्ये, केएल-३ चा ४० मध्ये. त्याच टोकियोत ऑलिम्पिकचा २०० मीटरचा विजेता ३५ सेकंदांत आला. पॅरा-कयाक जास्त रुंद असते, त्यामुळे सगळा फरक पायांचाच असं म्हणता येणार नाही. पण उतरंड स्पष्ट दिसते. आणि दुसरी बाजूही बघा: केवळ खांदे आणि हातांवर ४५ सेकंद काढणाऱ्या माणसाचं तंत्र किती चोख असेल! ग्वाल्हेरची आपली प्राची यादव केएल-२ गटात २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली. तिची शर्यत मिळाली तर आवर्जून बघा, नजर धडावर ठेवून.

यानंतर आम्ही पाण्यावर गेलो, शहराबाहेरच्या एका जलाशयावर, परवानगी काढून. तिथे साहेबांनी डोळ्यांपेक्षा कान जास्त वापरले. ते काठावर पाठ करून उभे राहिले आणि माझं वल्हवणं ऐकत होते. "छपाक वाजतंय, म्हंजे पातं आत जायच्या आधीच वढालाय." पातं अर्धं बुडालेलं असताना जोर लावला की पाण्याबरोबर हवाही खेचली जाते, बुडबुडे होतात, आणि हवेला धरून काही ओढता येत नाही. खुंटा ठोकण्याआधीच दोरी ताणली तर खुंटा उपटून येणार. तेव्हा आधी पातं पूर्ण आत, पायाच्या बोटांजवळ, होडीला लागून. मग पाय दाबायचा. या दोन क्रियांमधलं अंतर निमिषाचं असतं, पण ते असावं लागतं. या एका गोष्टीवर आम्ही तीन रविवार घालवले. तीन! मी कंटाळले. एकदा म्हटलं, पुढचं काही सांगा ना. ते म्हणाले, "पुढचं काही न्हाईच."

पुढचं होतं, थोडंसं. पातं बाहेर कधी काढायचं. मला वाटायचं ओढ जितकी लांब तितकी चांगली, म्हणून मी पातं कमरेच्या मागेपर्यंत न्यायचे. पण कमरेच्या मागे पातं तिरपं होतं आणि पाणी मागे ढकलण्याऐवजी वर उचलू लागतं. पाणी वर उचललं की होडीचा मागचा भाग खाली दबतो. म्हणजे मी दमत होते स्वतःचीच होडी बुडवण्यासाठी. शिवाय तेवढा वेळ दुसरी बाजू ताटकळत राहते आणि होडीचा वेग दोन ओढींच्या मध्ये मरतो. कमरेशी आलं की पातं बाजूनं बाहेर, बस्स.

खांद्याचं दुखणं कुठून आलं तेही इथेच उलगडलं. धड फिरत नसल्यामुळे पुढे पोचण्यासाठी मी खांदा आणि हात ताणत होते आणि मागची ओढ पूर्ण करण्यासाठी कोपर अंगामागे नेत होते. छाती, दोन हात आणि वल्हं मिळून एक चौकट होते. हात त्या चौकटीतच राहिले पाहिजेत. मागे काही करायचं असेल तर चौकटीसकट फिरा, एकटा हात मागे पाठवू नका. हात उंच आणि मागे गेलेला असताना लाटेचा झटका बसला तर खांदा निखळतो. कयाकिंगमधल्या गंभीर दुखापतींत ही नेहमीची. आणि वल्हं आवळून धरू नका. ओढणाऱ्या हाताची बोटं आकड्यासारखी, वरच्या हाताची जवळजवळ उघडी. दिवसभर मूठ आवळून ठेवली की मनगट जातं. आमच्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्यांचं ते आधीच अर्धं गेलेलं असतं.

आता एक गोष्ट जी आधी कुणी सांगत नाही: सुधारणा सुरू झाल्यावर मी पहिला महिनाभर आधीपेक्षा हळू झाले. जुनी सवय सुटलेली, नवी बसलेली नाही. पायाकडे लक्ष दिलं की पातं चुकायचं, पात्याकडे दिलं की पाय झोपायचा. धड फिरवताना होडी डुगडुगायची आणि दोनदा पाण्यात पडले. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलानं याच टप्प्यावर सोडून दिलं, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. साहेबांनी मला घड्याळ काढून ठेवायला लावलं आणि वेगाऐवजी ओढी मोजायला सांगितलं. जलाशयात दोन ठिकाणांमधलं अंतर बरोबर एक किलोमीटर होतं. पहिल्यांदा मला ५१० ओढी लागल्या. तीन महिन्यांनी ४२०. म्हणजे एका ओढीत होडी दोन मीटरपेक्षा कमी जात होती, ती आता सुमारे २.४ मीटर जाऊ लागली.

हा फरक किरकोळ वाटत असेल तर मुंबईच्या कौस्तुभ खाडेचा विचार करा. आधी त्यानं मुंबई ते गोवा असं सुमारे ४०० किलोमीटर अंतर कयाकनं कापलं. मग २०१५-१६ मध्ये गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत पश्चिम किनाऱ्यानं जवळपास ३,००० किलोमीटर. किनाऱ्यावरून शांजली शाही सायकलनं त्याला साथ देत होती. तीन हजार किलोमीटरला दोन मीटरची ओढ धरली तर पंधरा लाख ओढी होतात. २.४ मीटरची धरली तर साडेबारा लाख. अडीच लाख वेळा खांदा न उचलणं! आणि ज्या ओढी उरतात त्या हातानं ओढायच्या असत्या, तर कुणाचाही खांदा रत्नागिरीच्या पुढे टिकला नसता. हा हिशोब माझा, त्याचा नाही.

महाग वल्ह्यानं काम होत नाही का, असं बरेच जण विचारतात. शर्यतीत चमच्यासारखं वळलेलं पातं वापरतात, त्याला विंग म्हणतात. १९८० च्या दशकात स्वीडनमधून ते आलं आणि काही वर्षांत सगळ्यांनी उचललं. ते पाण्याला जास्त घट्ट धरतं. पण ते धड फिरवणाऱ्यासाठी घडवलेलं आहे. हातानं ओढणाऱ्याच्या हाती ते दिलं तर खांद्यावरचा ताण उलट वाढतो. मला साहेबांनी अजून ते दिलेलं नाही.

शिकवणारा कुठे मिळेल? आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. स्पर्धात्मक कयाकिंग मुख्यतः सैन्य, पोलीस दलं आणि मोजक्या सरकारी केंद्रांत चालतं. बाहेरच्या हौशी माणसाला तिथे प्रवेश नसतो, पण तिथून निवृत्त झालेली माणसं आपल्याच गावात असतात. विचारत राहा. आणि कुणीच मिळालं नाही तर मोबाइल कुणाच्या तरी हातात द्या आणि स्वतःचं चित्रीकरण करून घ्या, बाजूनं आणि समोरून. समोरून बघताना एकच बघायचं: तुमच्या जॅकेटची चेन डावी-उजवीकडे वळतेय, की सरळ समोर बघतेय? माझी पहिल्या व्हिडिओत सरळ समोर बघत होती. आपण जे करतोय असं वाटतं आणि आपण जे करत असतो यात किती अंतर असतं, ते मला त्या चेननं शिकवलं. मी शपथेवर सांगितलं असतं की मी धड फिरवतेय.

गेल्या जानेवारीत मालवणला पुन्हा गेले. या वेळी वाऱ्याचा अंदाज बघून, सोबत दुसरी कयाक घेऊन, आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, किनाऱ्याला धरून. म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी. हा नियम तंत्राहून आधी शिकायला हवा होता. समोरच्या वाऱ्यात तासभर वल्हवलं. झाडं मागे सरकत होती, हळू, पण सरकत होती. संध्याकाळी खांदा दुखला नाही. दुखल्या त्या मांड्या आणि बरगड्यांखालच्या दोन्ही बाजू. साहेबांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, कुठली मांडी जास्त दुखली? मी म्हटलं, उजवी. "मंग डावा पाय अजून झोपलाय. रविवारी या."